उपाशी तळं

अबूबकर परकारचा जन्म दाभोळच्या खाडीकाठचा. बाप मासेमारी करायचा, आजा मासेमारी करायचा. पाण्याचा रंग बघून खाली काय फिरतंय ते सांगणारी माणसं. त्यामुळे कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या अलीकडे, वाळवंटातल्या एका तळ्यातले मासे त्याच्या डोळ्यांदेखत वाळत चालले आणि त्याला काही म्हणजे काही कळेना, तेव्हा त्याची अन्नावरची वासना उडाली.

तळं होतं बू राशिदच्या मजऱ्यात. मजरा म्हणजे शेत. खजुराची झाडं, गवताचे पट्टे, थोड्या शेळ्या आणि मधोमध विहिरीच्या पाण्यावर भरणारं आठ-दहा गुंठ्यांचं तळं. अबूबकर तिथे चौऱ्याहत्तर साली पंप चालवायला म्हणून आला आणि हळूहळू सगळंच बघू लागला. बू राशिद त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. राशिदचा बाप तो बू राशिद, राशिदची आई ती उम्म राशिद. नाव उच्चारलं की मुलाचं नाव आलंच.

राशिद अमेरिकेत शिकायला होता. एकोणऐंशी साली तो परतला तो थर्माकोलचे खोके घेऊन. खोक्यांत हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत पाणी आणि पाण्यात बोटाएवढी हिरवट पिल्लं. तिथल्या मित्रांबरोबर तो दर सुट्टीला हा मासा पकडायला जायचा. नाव लार्जमाउथ बास. अबूबकरने त्याचं बारसं केलं ‘मोठतोंड्या’, कारण वाढला की त्या माशाचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाकायचा. तळ्यात डासांच्या अळ्या खायला सोडलेले चिलापी मासे होतेच. त्यांची पिल्लं खाऊन मोठतोंडे बघता बघता माजले. दोन हिवाळ्यांत एकेक मासा असा झाला, की दोन हातांनी धरावा लागे. संध्याकाळी राशिद काठावर गळ टाकून बसायचा, अबूबकर शेजारी. मासा लागला की राशिद हरखून ओरडायचा, “तआल, बूबकर! बघ, पोट बघ याचं!” मग घरात तळणीला.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात दोह्याहून येताना उत्तरेच्या रस्त्यावर राशिदची गाडी उलटली. तो जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर बू राशिद रोज अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर तळ्याकाठी येऊन बसू लागला. पाण्याकडे बघायचा. चाळिसाव्या दिवशी त्याने अबूबकरला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाला, “हे माझ्या मुलाचे मासे. यातला एकही बाहेर निघता कामा नये. एकही मरता कामा नये. तुझ्या मानेवर.”

अबूबकरने मानेवर हात ठेवून शब्द दिला. राशिदवर त्याचाही जीव होता. स्वतःची मुलं लांब दाभोळला, बायको खतिजाच्या पदराशी. हाताशी होता तो राशिदच.

शब्द त्याने असा पाळला की बघणाऱ्याने थक्क व्हावं. वसंतात नर मासे तळाची खडी शेपटीने झाडून गोल घरटी करायचे, मादी अंडी घालायची. अबूबकर त्या बाजूला शेळीही फिरकू द्यायचा नाही. बगळे आले की पत्र्याचे डबे बडवायचा. पाणकावळ्यांसाठी त्याने पाण्यावर दोऱ्या ताणल्या. पिल्लांचे काळे ढग काठाकाठाने फिरायला लागले की त्यांना लपायला जागा म्हणून खजुराच्या झावळ्या बुडवून ठेवायचा. एका वसंतातून दुसऱ्यात मासे वाढतच गेले. कुठेही बघा, मोठतोंडे. बू राशिदच्या चेहऱ्यावर क्वचित समाधानासारखं काही यायचं. अबूबकरला तेवढं पुरेसं होतं.

मग मासे वाळायला लागले.

आधी त्याला वाटलं आपल्या डोळ्यांचा दोष. पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात खात्रीच पटली. डोकं तेवढंच मोठं, डोळे मोठे आणि मागचं अंग चिपाडासारखं. पोट आत गेलेलं, पाठीचा कणा वरून दिसावा असा. आणि सगळे एकाच मापाचे, वीत-दीड वीत. त्यापुढे एकही वाढेना. जुने दांडगे होते तेही उतरले. विहिरीचं पाणी इतकं नितळ, की मासा पाण्यात असूनही त्याच्या फासळ्या मोजाव्यात असं वाटे.

“काय झालंय त्यांना?” बू राशिदने विचारलं.

“उन्हाळा आहे बाबा. उतरतील, परत भरतील.”

भरले नाहीत. हिवाळा गेला, उन्हाळा आला, मासे आणखी खंगले. म्हातारा आता तळ्याकडे बघायचा आणि मग अबूबकरकडे बघायचा. मुलाची ठेव सांभाळायला दिली आणि ती याच्या हातात झिजते आहे, असं ते बघणं.

अबूबकरने हातपाय मारायला सुरुवात केली. तिकडची रोटी, खुबूस, भिजवून टाकली. मोठतोंडे जवळ आले, वळले, निघून गेले. ती खुबूस चिलापींनी गट्ट केली. भात टाकला, तोच प्रकार. कसायाकडून आतडी आणून बारीक चिरून टाकली. मोठतोंड्याला हलणारं, पळणारं भक्ष्य लागतं. मेलेलं त्याच्या तोंडापुढून तळाला जायचं आणि तिथेच कुजायचं. कुणीतरी म्हणालं कोंबडीचं खत टाक, पाण्यात जीव धरेल. त्याने पोती ओतली. पाणी आठवडाभरात हिरवंगार झालं. त्याला वाटलं, चला, काहीतरी घडतंय.

जुलैच्या एका पहाटे तो फज्रच्या नमाजाला वजू करायला, हातपाय धुवायला, काठावर गेला आणि तिथेच थबकला. सगळं तळं तोंडांनी भरलं होतं. शेकडो मोठतोंडे पृष्ठभागाशी येऊन जबडे वासत होते. पाण्यातली हवा संपली होती. कुजलेल्या आतड्यांनी आणि त्या हिरव्या शेवाळाने रातोरात ती पिऊन टाकली होती. जे सर्वांत मोठे, राशिदच्या हातचे जुने, ते आधीच पोटं वर करून तरंगत होते.

अबूबकर धावत पंपाकडे गेला. पंप दोन धक्के देऊन बंद पडला. त्याने हँडल मारून मारून तळहात सोलून घेतले. मग एक झावळी उपसली, कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि पाणी झोडपायला लागला. हवा मिसळावी म्हणून. “या अल्ला, या अल्ला,” म्हणत, रडत, छातीएवढ्या पाण्यात तो झावळी मारत राहिला. ऊन वर आलं, शेवाळ पुन्हा पाण्यात हवा सोडू लागलं, तेव्हा माशांची तोंडं एकेक करून खाली गेली. काठाला लागलेले मात्र लागलेलेच राहिले.

बू राशिद आला. काठाला लागलेले ते मासे त्याने पाहिले. खाली बसून त्यातल्या एकाचे कल्ले बोटाने उघडले आणि मिटले. त्यापेक्षा त्याने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं अबूबकरला वाटलं.

त्या आठवड्यात दाभोळहून कुणाच्या तरी हाती खतिजाची कॅसेट आली. तिच्यात शेवटी ती म्हणत होती, “मागच्या टेपमधे तुमचा आवाज बसल्यासारा लागला. जेवता ना?” उत्तराची कॅसेट भरायला त्याने बटण दाबलं आणि टेप नुसती फिरत राहिली.

पंप दुरुस्त करायला शुक्रवारी दोह्याहून इंजिनिअर आला. प्रताप नावाचा साताऱ्याकडचा माणूस. अल दुहैलला एका कंपाउंडमध्ये राहायचा. बायकोला जरा मोकळी हवा म्हणून बरोबर घेऊन आला होता. तिचं नाव सुचित्रा. प्रताप पंप खोलून बसला आणि ती तळ्याकाठी फिरायला गेली. अबूबकर लांबून बघत होता. फिरता फिरता ती एकदम थांबली, उकिडवी बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

“भाई, हे बास आहेत का?” तिने मराठीतून हाक मारली.

अबूबकर चमकला. “होय बाय. तुमाला कसा कळला?”

“मी हेच शिकलेय. मत्स्यशास्त्र. धरणातल्या माशांवर दोन वर्षं काम केलं. मग लग्न झालं, इकडे आले.” तिने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. “एक मासा पकडून देता?”

“नाय बाय. मालकाचा हुकूम नाय.”

“मेलेला चालेल.”

सकाळीच एक तरंगलेला त्याने गोणपाटाखाली ठेवला होता. पुरायला. तिने तो मागितला, प्रतापचा चाकू घेतला आणि पोट उभं चिरलं. आत काही नव्हतं. आतडी दोऱ्यासारखी. जठराच्या पिशवीत एका किड्याचा पंख आणि त्याच्याच जातीचं एक नखाएवढं पिल्लू.

“आजार नाही,” ती म्हणाली. “भूक आहे. तळ्यात चिलापीची पिल्लं दिसतात का तुम्हाला?”

अबूबकरने आठवून बघितलं. चिलापी होते, ताटाएवढाले. पण पिल्लं? गेल्या दोन वर्षांत त्याने बोटाएवढा चिलापी बघितला नव्हता.

“दिसणार कुठून? जन्मली की हे इतके सगळे मिळून त्याच दिवशी संपवतात. जो चिलापी वाचला तो एवढा मोठा झाला की यांच्या तोंडात मावत नाही. म्हणजे मोठं आहे ते खाता येत नाही आणि खाता येईल असं काही उरत नाही. इतकी तोंडं या पाण्याला पोसता येणार नाहीत, भाई. खत टाका, मांस टाका, काही करा.”

“मग करू काय मी?”

“काढा. हे वीत-दीड वीत आहेत ना, यातले निम्म्याहून जास्त काढून टाका. आणि दरवर्षी काढत राहा. मग चिलापीची पिल्लं वाचतील आणि उरलेले भरतील.”

अबूबकर उसळला. “काय बोलतांव बाय? मी एक मरू दिला नाय. तीन वर्सां बगळासुद्धा बसू दिला नाय हितं.”

सुचित्राने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात धार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “म्हणूनच तर, भाई. तुम्ही एकही मरू दिला नाहीत, म्हणून सगळे मरतायत.”

पंप चालू झाला, ती दोघं गेली. अबूबकर तिथेच बसून राहिला. तिला खोटी ठरवायला त्याने मनातल्या मनात पुष्कळ धडपड केली, पण खाडीकाठचं रक्त आतून सांगत होतं की बाई खरं बोलते आहे. राशिद असताना दर संध्याकाळी दोन-चार मासे तळणीत जात होते. तेव्हाच मासे भरलेले होते. राशिद गेला आणि मासे निघायचे थांबले. ज्या प्रेमाने त्याने ही पिल्लं जपली, त्याच प्रेमाने त्यांच्या तोंडचा घास काढला होता.

पण हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणी? तुझ्या मुलाचे मासे मार म्हणून? दोनदा तो त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही वेळा तोंडातून “चहा आणू का बाबा?” एवढंच निघालं.

शेवटी त्याने ठरवलं, आपणच चोरून करायचं. दुपारी बू राशिद झोपलेला असे. अबूबकर भर उन्हात गळ टाकून बसायचा. उपाशी मासे, लगेच लागायचे. एकेक काढून गोणपाटाखाली ठेवायचा, आणि मग खजुराच्या बुडाशी खड्डा खणून पुरायचा. खायचा विचारही त्याला सहन होत नव्हता. पहिल्या दिवशी तर त्याने खड्ड्यावर माती लोटताना तोंडातल्या तोंडात माफी मागितली. असे चार-पाच दिवस गेले. तळ्यात काही फरक दिसेना. इतके मासे होते, की घागरभर पाणी समुद्रातून काढल्यासारखं.

मग एके दुपारी मागे पाऊल वाजलं.

बू राशिद उभा होता. अनवाणी, डोक्यावर काही नाही. झोपेतून उठून आलेला. समोर उघडा खड्डा, खड्ड्यात चकाकणारे मासे, अबूबकरच्या हातात फावडं.

म्हातारा ओरडला नाही. फार हळू बोलला. “त्याला दुसऱ्यांदा पुरतोयस?”

सुचित्राने सांगितलेलं सगळं अबूबकरने त्याच्या मोडक्या अरबीत सांगायचा प्रयत्न केला. जास्त मासे, कमी खाणं, काढायला पाहिजेत. शब्द एकमेकांत अडकले. बू राशिदने हात वर केला.

“खलास.” तो वळला. “गुरुवारी जा. पासपोर्ट देतो.”

अबूबकरने त्या रात्री पेटी भरली. दहा वर्षांचं सामान एका पेटीत मावलं, याचंही त्याला काही वाटलं नाही. नोकरी गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठं एक होतं. तो गेल्यावर हे मासे असेच वाळून मरणार. आणि म्हाताऱ्याला जन्मभर वाटणार की बूबकरने मारले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली. उम्म राशिद. ती रोज त्याला दारातून ताट द्यायची, त्याच्या मुलांची चौकशी करायची. पण राशिद गेल्यापासून तळ्याच्या बाजूला तिने पाऊल टाकलं नव्हतं.

“काय केलंस तू?” तिने विचारलं.

तिच्यापुढे त्याची जीभ सुटली. व्याकरण नाही, काही नाही, पण सगळं सांगितलं. मासा कसा चिरला, पोट कसं रिकामं होतं, पाण्यात आता लहान मासळी कशी उरलीच नाही. सांगता सांगता तो हुंदके द्यायला लागला.

ती ऐकत राहिली. मग चेहऱ्यावरचा बतूला, तो काळा मुखवटा, नीट बसवला, चप्पल घातली आणि म्हणाली, “चल.”

काठाशी येऊन ती थांबली. पाण्याकडे बघताना तिचा हात काही वेळ खजुराच्या खोडावर होता. “एक काढ.”

त्याने काढला. तिने तो ओल्या हातांत घेतला. राशिदचे मासे तिने शेकड्याने साफ केले होते. त्यांचं वजन हाताला माहीत होतं. हा मासा हातात घेतल्यासारखाही लागेना. तिने अंगठा त्याच्या खपाटीला गेलेल्या पोटावरून फिरवला.

बू राशिद बैठकीतून बाहेर आला होता. ती तशीच, मासा हातात घेऊन त्याच्यापुढे गेली.

“बू राशिद, हा धर.”

त्याने हात पुढे केला नाही.

“धर म्हणते. माझ्या मुलाने दारचा पाहुणा कधी उपाशी उठू दिला नाही. आणि तू त्याच्या नावाने इतक्या जिवांना उपाशी ठेवलंस? तो हे मासे पकडायचा. मी तळायचे. तू खायचास, काटे काढून एकेक तुकडा त्याच्या ताटात टाकायचास. विसरलास?” तिचा आवाज फाटला. “हे तळं त्याचं होतं तेव्हा इथे हसणं होतं. तू त्याचं कबरस्तान केलंस.”

म्हाताऱ्याने मासा घेतला. त्याची बोटं त्या सुकलेल्या अंगाभोवती सहज मिटली. मग मासा तिच्या हातात परत दिला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

“जाळं आण,” उम्म राशिद अबूबकरला म्हणाली.

नायलॉनच्या दोऱ्याची पाग अबूबकरने स्वतः विणली होती, ती खोलीत पडून होती. त्याने ती फेकली. पहिल्या फेकीलाच पाग इतकी जड झाली, की ओढवेना. वीत-दीड वीत, सगळे तसले. तो काढत राहिला, ती पाट्या भरत राहिली. शमालच्या घराघरांत मासे गेले. लोक म्हणाले, काटेच आहेत नुसते. चार दिवस हे चाललं. चारही दिवस बैठकीचं दार बंद होतं. गुरुवार आला आणि गेला, पासपोर्टचं नाव कुणी काढलं नाही. पण बू राशिद त्यानंतर अबूबकरशी बोलेनासा झाला. काम सांगायचं तर दुसऱ्याकरवी. तळ्याकाठची त्याची जागा रिकामी राहिली.

ते वर्ष अबूबकरने कसं काढलं ते त्यालाच ठाऊक. जर बाई चुकली असेल तर? रोज सकाळी तो पाण्यात डोकावायचा. हिवाळाभर काही कळलं नाही. वसंतात काठाच्या उथळ पाण्यात त्याला काहीतरी लुकलुकताना दिसलं. वाकून बघितलं. चिलापीची पिल्लं, थव्याने. आणि झावळीच्या सावलीतून एक मोठतोंड्या सुटला, पाणी फुटलं, थवा उधळला. अबूबकर काठावर बसून बघत राहिला. त्या वर्षीची मोठतोंड्यांची पिल्लं त्याने जपली नाहीत. बगळे बसू दिले. पुन्हा पाग फेकली. प्रत्येक फेकीला काळीज तेवढंच दुखलं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात एका संध्याकाळी बू राशिद काठी टेकत काठावर आला. सव्वा वर्षात फार थकला होता. अबूबकर उठून बाजूला झाला, पण म्हाताऱ्याने हाताने ‘बस’ म्हणून खुणावलं. पाण्यात एक मोठतोंड्या सावकाश काठाजवळून गेला. पाठ रुंद, पोट गोल.

“हे तेच?” बू राशिदने विचारलं. एवढ्या काळात त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

“तेच, बाबा. जे राहिले ते.”

मासा खोल पाण्यात दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, “कुठले ठेवायचे, कुठले काढायचे, तू निवडलंस?”

“नाही बाबा. जाळ्यात जो आला तो आला.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “हां,” तो म्हणाला. “असंच असतं.” आणि डोळ्यांना लागलेली धार त्याने पुसली नाही.

पुढे ते तळं फार टिकलं नाही. आजूबाजूच्या मजऱ्यांनी विहिरी उपसून उपसून खालचं गोडं पाणी संपवलं आणि समुद्र आत सरकला. सत्त्याऐंशीत पंपाचं पाणी जिभेला खारट लागायला लागलं. आधी गवत गेलं, मग मोठतोंडे. त्यांना वाचवायची युक्ती सुचित्राकडेही नव्हती. ती एकदा प्रतापबरोबर येऊन, पाणी चाखून, तशीच काठावर बसून राहिली. अबूबकरला बू राशिदने दुसऱ्या कफीलाकडे सोडलं. इंडस्ट्रियल एरियात तो पाण्याचा टँकर चालवू लागला. ईदला मात्र तो कंपनीच्या बसने दोह्यापर्यंत आणि तिथून मिळेल त्या गाडीने शमालला जायचा. उम्म राशिद दारातच ताट द्यायची. बू राशिद बैठकीत आपल्या शेजारी जागा करायचा, आणि मग दोघं, फारसं न बोलता, जेवायचे.